माळव्यात कातरलेली लोकर माळव्यातच धुतली जावी

प्रति,
माननीय केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्री, नवी दिल्ली
आणि मध्य प्रदेश शासनाच्या उद्योग, पशुपालन व ग्रामोद्योग खात्यांचे माननीय मंत्री, भोपाळ

सा. न. वि. वि.

मी इंदूरची. आमचं घराणं सणगरांचं, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांचं. होळकरांच्या फौजेमागून माणदेशातली जी कुटुंबं माळव्यात आली आणि इथलीच होऊन गेली, त्यांतलं एक आमचं. आजोबांपर्यंत घरात खड्ड्याचा माग होता. वडील कापडाच्या मिलमध्ये लागले, तेव्हा माग बंद पडला. पुढे मिलही बंद पडली. शाळेतल्या नोकरीतून मोकळी झाल्यावर मी तो माग पुन्हा उभा केला. आईचे हात तेव्हा चालत होते, तिनेच मला शिकवलं.

या पत्राची हिंदी प्रत मी टपालाने रीतसर पाठवली आहे. मराठीत वेगळं लिहिते आहे, कारण हा प्रश्न माळव्याइतकाच माणदेशाचाही आहे, आणि इंदूर, देवास, धार इथल्या मराठी घरांनी यात माझ्याबरोबर उभं राहावं असं मला वाटतं. घोंगडं आपल्या घराघरांत आहे. खंडोबाच्या तळीला, जागरणाला, म्हाताऱ्या माणसांच्या अंथरुणाला ते लागतं. ते येतं कुठून, हे मात्र आपण विचारायचं सोडून दिलं आहे.

गेल्या चैत्रात मी बदनावरच्या बाजूला गेले होते. गहू निघून गेलेला, शेतं मोकळी. एका शेतात मारवाडातून आलेल्या रेबाऱ्यांचा डेरा पडला होता. हे लोक दिवाळीनंतर कळप घेऊन निघतात, नीमच-मंदसौरकडून माळव्यात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. शेतकरी त्यांना रात्री शेतात मेंढ्या बसवायला सांगतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. लहानपणापासून पाहिलेलं हे चित्र आहे. कातरणी चालू असताना त्यांच्यात जाऊन बसले, ती मात्र पहिलीच वेळ.

एक जण मेंढी आडवी पाडतो, चारही पाय एका जागी बांधतो. दुसरा पोटाकडून लोखंडी कात्री लावतो. कात्रीचा आवाज थांबत नाही, कच् कच् कच्. मेंढी सुरुवातीला धडपडते, मग मान टाकून पडून राहते. पाच-सात मिनिटांत सगळी लोकर एखाद्या फाटक्या गोधडीसारखी बाजूला येते आणि मेंढी उठून, अर्ध्या आकाराची होऊन, कळपात पळते. दुपारपर्यंत लिंबाखाली कमरेइतका ढीग झाला होता. पांढरी, पिवळट, मधूनमधून तांबूस आणि काळी. वारा सुटला की वरचे पुंजके उडून बांधावरच्या बाभळीला अडकत होते, आणि कुणी त्यांच्यामागे धावत नव्हतं.

मी डेऱ्याच्या नंबरदाराला, म्हणजे म्होरक्याला, भाव विचारला. तो म्हणाला, "ले जाओ बाईजी, जितनी चाहिए." दरवर्षी येणारा व्यापारी या वेळी आला नव्हता. लोकरीला जो भाव मिळतो त्यापेक्षा कातरणाऱ्यांची मजुरी जास्त होते. तरी उन्हाळ्याच्या आत मेंढी कातरावीच लागते, नाहीतर ती उन्हाने हैराण होते, अंगात किडे होतात. म्हणून पदरचे पैसे घालून कातरायची आणि ढीग तिथेच सोडून पुढच्या मुक्कामाला निघायचं. मी आग्रहाने पैसे दिले आणि तीन पोती पिकअपमध्ये टाकून घरी आणली.

त्या तीन पोत्यांनी मला जे शिकवलं ते आपल्यापर्यंत पोचावं, एवढ्यासाठी हे पत्र.

कच्ची लोकर हातात घेतली की आधी तिचा चिकटपणा लागतो. मेंढीच्या अंगातली चरबी तिच्यात असते. तिला घाम, धूळ आणि वाळू चिकटलेली असते. गोखरू आणि कुसळं तर इतकी गुंतलेली असतात की बोटं रक्ताळतात. मी गच्चीवर चुलाण मांडलं, कोमट पाण्यात रिठ्याचा फेस केला आणि एकेक घमेलं लोकर बुडवायला लागले. पाणी फार गरम झालं किंवा हात जोरात चालला, तर लोकर आवळते आणि तिचा नमदा, म्हणजे घट्ट दाबलेला थर, होतो. त्यामुळे घाई करता येत नाही. पहिलं पाणी चहासारखं निघतं, दुसरं जरा फिकं, चौथ्या पाण्याला कुठे लोकर आपला रंग दाखवते. माझ्या त्या खेपेला दहा किलोंचे सात किलो उरले. तीन पोत्यांना पाच दिवस लागले, आणि सहाव्या दिवशी शेजारणीने दारात येऊन विचारलं की नाली का तुंबली.

तिचं बरोबरच होतं. लोकर धुतलेलं पाणी चरबीचं आणि घाणीचं असतं, ते गटारात सोडण्याजोगं नसतं. स्वच्छतेत देशात पहिली येणारी ही नगरी. तिच्या कान्ह नदीत असलं पाणी सोडून मी घोंगडी विणावी, हे माझं मलाच पटेना. म्हणून शोध सुरू केला की ही लोकर धुवून, पिंजून देणारं जवळपास कोण आहे. उत्तर एकच मिळालं, बिकानेर. म्हणजे बदनावरला कातरलेली लोकर बिकानेरला न्यायची, तिथे धुवायची-पिंजायची आणि परत इंदूरला आणायची. तीन पोत्यांसाठी कुणी ट्रक पाठवत नाही, आणि पाठवला तर त्या भाड्यात पानिपतची तयार ब्लँकेटं येतात.

मग मी सरकारी कचेऱ्यांत गेले. एका ठिकाणी मला सांगितलं की मेंढी आमच्याकडे आहे, लोकर नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की आमच्या यादीत कापूस आहे, रेशीम आहे, लोकर राजस्थानचा विषय आहे. मी कुणाचा राग धरून हे लिहीत नाही. समोरची माणसं सभ्य होती, आणि त्यांच्या यादीत खरोखरच लोकर नव्हती. दोष वाटणीचाच आहे. मेंढी केंद्राच्या पशुपालन मंत्रालयाकडे. मेंढीवरचं संशोधन कृषी संशोधन परिषदेकडे, तिची संस्था 1962 पासून टोंक जिल्ह्यात अविकानगरला. लोकर वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे, त्याचं केंद्रीय लोकर विकास मंडळ 1987 पासून जोधपूरला. आणि चरायची जमीन व वनखात्याच्या वाटा राज्यांकडे. रेबाऱ्याची मेंढी एका दिवसात या चौघांच्या हद्दीतून चालते, पण चौघांपैकी कुणीही तिला नाकापासून शेपटापर्यंत पाहत नाही.

याचा परिणाम आपल्याच सरकारच्या आकड्यांत दिसतो. 2012 च्या पशुगणनेत देशात मेंढ्या 6 कोटी 51 लाख होत्या, 2019 मध्ये त्या 7 कोटी 43 लाख झाल्या. लोकर मात्र 2014-15 मध्ये 4 कोटी 81 लाख किलो निघाली होती, ती 2023-24 मध्ये 3 कोटी 37 लाख किलोंवर आली. मेंढी वाढली आणि लोकर घटली. कारण मेंढपाळाला कळून चुकलं आहे की घर चालतं ते मटणावर. तो आता अंगावर केस असलेल्या, लोकर नसलेल्या जातीच्या मेंढ्या पाळतो, आणि ज्यांच्या अंगावर लोकर आहे त्यांची कातरून टाकून देतो. त्याला दोष देता येत नाही. फेकून देण्याच्या मालासाठी कुणी जात सांभाळत नाही.

आपल्या मंत्रालयाने एकात्मिक लोकर विकास कार्यक्रमाला 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी 126 कोटी रुपये मंजूर केले. योजनेतली कलमं मी वाचली आहेत. कातरणीची यंत्रं, सामाईक सुविधा केंद्रं, प्रशिक्षण, सगळं योग्य आहे. पण 126 कोटींना मेंढ्यांच्या संख्येने भागून पाहिलं तर पाच वर्षांत एका मेंढीच्या वाट्याला 17 रुपये येतात. एवढ्यात एका मेंढीची एक कातरणीसुद्धा होत नाही. पुढचा कार्यक्रम आखताना रक्कम वाढावी ही माझी इच्छा आहेच, पण रकमेपेक्षा मला ती कुठे खर्च होते याची काळजी जास्त आहे.

लोकरीचा विषय निघाला की नेहमी पहिली गोष्ट होते ती जात सुधारण्याची. आपली लोकर भरड आहे, ती मऊ करा. देशातल्या लोकरीपैकी सुमारे 85 टक्के गालिच्याच्या प्रतीची, 10 टक्के त्याहून भरड आणि जेमतेम 5 टक्के अंगावर घालण्याजोगी आहे, हे खरं. म्हणून परदेशातून मेरिनो आणि रॅम्बुले या मऊ लोकरीच्या जातींचे नर आणून संकर करण्यात किती तरी दशकं गेली. अविकानगरला भारत मेरिनो तयार झाली, त्यामागचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण जी मेंढी मारवाडातून माळव्यापर्यंत चालत येते, वाटेत काटे खाते, दोन-दोन दिवस पाण्याशिवाय काढते, तिच्या अंगावर मेरिनोची लोकर चढवण्याचा हट्ट मला पटत नाही. मऊ लोकर आपण ऑस्ट्रेलियाहून आणतोच, आणि डिसेंबर 2022 पासून लागू झालेल्या व्यापार करारानंतर तिच्यावरचं आयात शुल्कही उरलेलं नाही. त्या लोकरीशी आपल्या मेंढपाळाची स्पर्धा लावू नका. भरड लोकरीचं काम वेगळं आहे आणि ते काम मऊ लोकरीने होत नाही.

घोंगडं हेच घ्या. ते अंगाला टोचतं, मान्य. पण पावसाळ्यात धनगर ते डोक्यावर घेऊन दिवसभर रानात उभा राहतो तो उगाच नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ती सहजी पेट घेत नाही, ज्योत बाजूला केली की विझते. आमच्या स्वयंपाकघरावर पत्रा आहे. दोन वर्षांपूर्वी मी उरलेल्या भरड लोकरीचा जाड नमदा करून पत्र्याखाली ताणून बसवला. आता मे महिन्यात दुपारी तिथे पोळ्या लाटता येतात. गोखरूने भरलेली, कितीही वेचली तरी साफ न होणारी लोकर मी गच्चीवरच्या कुंड्यांत तळाला घालते. ती पाणी धरून ठेवते आणि हळूहळू कुजते. तिच्यात नत्र असतं, गंधक असतं, त्यामुळे मोगऱ्याला वेगळं खत लागलं नाही. घोंगडं, जेन म्हणजे लोकरीची बैठक, नमदा, छताखालचं अस्तर, कुंडीतलं खत, हा सगळा भरड लोकरीचाच संसार आहे. मेंढी बदलायची गरज नाही.

गरज आहे ती कातरणी आणि माग यांच्या मधल्या जागेची. धुणं, प्रत लावणं, पिंजणं. एका टोकाला मेंढपाळ लोकर फुकट देतो आहे, दुसऱ्या टोकाला माझ्यासारखे विणकर लोकर मिळत नाही म्हणून रडत आहेत, आणि मधे काहीच नाही. माझी या पत्रातली मुख्य मागणी या मधल्या जागेपुरती आहे.

आणि ती जागा आपण आधीच निवडलेली आहे. 17 सप्टेंबर 2025 रोजी धार जिल्ह्यात बदनावर तालुक्यातल्या भैंसोला इथे पीएम मित्र पार्कची, म्हणजे केंद्राच्या वस्त्रोद्योग पार्कची, पायाभरणी झाली. देशात अशी सात पार्क होणार आहेत, त्यांतलं हे एक. शेतापासून धाग्यापर्यंत, धाग्यापासून कारखान्यापर्यंत सगळं एका जागी, असा त्यामागचा विचार सांगितला गेला. तो विचार कापसासाठी मांडला आहे आणि माळव्या-निमाडच्या कापसासाठी तो योग्यच आहे. पण मेंढ्यांचे कळप जिथे चैत्रात कातरले जातात त्याच तालुक्यात आपण हे पार्क बांधता आहात, हे नियोजन करणाऱ्या कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. दोन हजार एकरांहून मोठ्या त्या जागेत लोकर धुण्याचा आणि पिंजण्याचा एक लहान विभाग उभा करा. सांडपाणी शुद्ध करायची सामाईक सोय तिथे व्हायचीच आहे, म्हणजे माझ्या गच्चीवर जी अडचण आली ती तिथे येणार नाही. धुताना निघणारी चरबी म्हणजे लॅनोलिन. मलमं आणि सौंदर्यप्रसाधनं करणारे ती विकत घेतात. ती गोळा करता आली तर पाणीही स्वच्छ होईल आणि खर्चाचा काही भार उतरेल.

एक अट मात्र मनापासून घालते. तो विभाग मोठ्या उद्योजकांपुरता नको. तीन पोती घेऊन आलेल्या बाईला आणि शंभर पोती घेऊन आलेल्या नंबरदाराला सारख्याच दराने लोकर धुवून मिळाली पाहिजे, जशी गिरणीत पाच किलो गहू आणणाऱ्यालाही दळण मिळतं. नाहीतर किमान मालाची अट येईल, आम्ही दाराबाहेर राहू आणि यंत्र आयात लोकर धूत बसेल.

आता खरेदीबद्दल. धुतलेली लोकर कुणी घेतली नाही तर पिंजण्याचं यंत्रही गंजेल. इथे मला आमच्या देवी अहिल्याबाईंची आठवण काढायची आहे. 20 मे 2025 रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक इंदूरच्या राजवाड्यात झाली. त्याच महिन्याअखेर भोपाळला त्यांच्या तीनशेव्या जयंतीनिमित्त 300 रुपयांचं नाणं निघालं. या सन्मानाने आम्हा सर्वांना आनंद झाला. अहिल्याबाई चौंडीच्या धनगर घरातल्या. त्यांचे सासरे मल्हारराव लहानपणी खानदेशात तळोद्याला मामाकडे मेंढरं राखत होते. म्हणजे ज्या राज्याने हे शहर उभं केलं त्याची सुरुवात मेंढरांमागून चालणाऱ्या एका पोराने केली. आणि त्याच अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर आणून वसवले तेव्हा घर, जागा आणि माग देऊन त्या थांबल्या नाहीत. दरबारी पाहुण्यांना द्यायच्या साड्या आणि पागोटी त्याच विणकरांकडून घेतली जात, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. दरबार हाच पहिला गिऱ्हाईक होता, म्हणून महेश्वरी साडी बाजारात उभी राहिली. आज महेश्वरच्या घाटावर जी मागांची खटखट ऐकू येते तिच्या मुळाशी ती खरेदी आहे.

आजचा दरबार म्हणजे शासन. आणि शासन ब्लँकेटं विकत घेतं, मोठ्या प्रमाणावर घेतं. सैन्याला, पोलिसांना, तुरुंगांना, रुग्णालयांना, वसतिगृहांना, रेल्वेला, रैनबसेऱ्यांना आणि पूर-भूकंपात वाटण्यासाठी. गेल्या वर्षी एका रुग्णालयाच्या निविदेत भाग घ्यावा म्हणून मी अटी वाचल्या. रंग एकसारखा, वजन एकसारखं, संख्या काही हजार, पुरवठा तीस दिवसांत. त्यात हाताने विणलेलं घोंगडं बसण्याची शक्यताच नव्हती. अशी मागणी पुरी होते ती चिंध्यांपासून केलेल्या धाग्याच्या यंत्रमागावरच्या मालाने. त्या मालावर जगणाऱ्यांच्या पोटावर पाय द्यावा असं मी म्हणत नाही. पण 1985 च्या हातमाग आरक्षण कायद्यात जे अकरा प्रकार फक्त हातमागासाठी राखून ठेवले आहेत, त्यांत बराक ब्लँकेट आणि कांबळ-कांबळी यांचं नाव स्पष्ट आहे. खादीच्या 1956 च्या कायद्यात खादीची व्याख्या करताना सूत आणि रेशमाच्या जोडीला लोकर आहे. म्हणजे नवा कायदा करायचाही नाही. निविदांच्या अटी कायद्याला धरून लिहायच्या, एवढंच. प्रत्येक खात्याच्या ब्लँकेट खरेदीतला ठरावीक हिस्सा देशी लोकरीच्या, हाताने विणलेल्या मालाचा असावा, रंग मेंढीचा असेल तो चालावा आणि लहान गटांना शंभर-दोनशे नगांचा पुरवठा करण्याची मुभा असावी.

तागासाठी आपण हे केलेलंच आहे. 1987 च्या कायद्याने धान्य आणि साखरेसाठी तागाची पोती सक्तीची झाली, आणि आजही धान्य सगळंच्या सगळं आणि साखरेचा पाचवा हिस्सा तागात भरण्याचा नियम आहे. त्या एका नियमावर बंगालच्या गिरण्या आणि ताग पिकवणारे शेतकरी टिकून आहेत. लोकरीला इतकं मोठं कवचही नको आहे.

हमीभावाची मागणी मी करत नाही, याचं काही मेंढपाळ मित्रांना वाईट वाटेल. लोकर हमीभावाच्या यादीत नाही, ती घाला, असं ते म्हणतात. पण ऑस्ट्रेलियाचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. तिथे 1974 पासून लोकरीला किमान भाव ठरवून दिला होता. भाव वर चढवत नेला, गिऱ्हाईक दूर गेलं आणि न खपलेली लोकर सरकारी यंत्रणा घेत राहिली. फेब्रुवारी 1991 मध्ये योजना कोसळली तेव्हा गोदामात 47 लाख गाठी पडून होत्या. जगात सर्वात उत्तम लोकर पिकवणाऱ्या देशाची ही गत झाली. माल घ्यायला कुणी नसताना भाव बांधून देणं मला धोक्याचं वाटतं. नॉर्वेची रीत मला जास्त आवडते. तिथलं सरकार लोकरीवर अनुदान देतं, पण प्रत लावून. स्वच्छ, लांब धाग्याच्या लोकरीला जास्त, काडीकचरा असलेल्या लोकरीला कमी किंवा काहीच नाही. त्यामुळे कातरणी करतानाच पोटाची लोकर वेगळी, पाठीची वेगळी ठेवायची सवय मेंढपाळाला लागते. आपल्याकडे सगळं एका पोत्यात कोंबलं जातं, कारण वेगळं ठेवून चार आणेही जास्त मिळत नाहीत. भैंसोल्याच्या केंद्रात पोतं उघडून प्रत लावली आणि त्याप्रमाणे किलोमागे पैसे त्याच दिवशी नंबरदाराच्या खात्यात गेले, तर पुढच्या चैत्रात तोच नंबरदार ताडपत्री अंथरून कातरणी करेल.

राहता राहिली हाताची कला, आणि तिथे मात्र वेळ फार थोडा उरला आहे. घोंगड्याच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लागते. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवून वाटायचे आणि शिजवून दाट करायचे. मग अंगणात ताणा ताणून मोठ्या कुंच्याने खळ मारत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं, ऊन उतरायच्या आत. खळ कमी पडली तर धागा तुटतो, जास्त झाली तर ताणा लाकडासारखा कडक होतो. किती हवी हे आई धाग्याला ओठ लावून सांगायची. मी अजून बोटांनीच बघते आणि अनेकदा चुकते. आई गेल्यानंतर इंदूरमध्ये मला विचारायला माणूस उरलं नाही. कोकराची पहिली कातरण, जिला जावळ म्हणतात, तिचं घोंगडं सर्वात मऊ होतं. ते कसं विणायचं हे शिकायला मला सांगोल्याला मामाच्या गावी जावं लागलं, आणि तिथेही आता दोनच घरं विणतात. माणदेशातल्या काळ्या लोकरीची अवस्था इथल्यापेक्षा निराळी नाही, ती तिथेही उकिरड्यावर जाते. म्हणून प्रशिक्षणाच्या पैशातून या म्हाताऱ्या हातांना शिक्षक म्हणून मानधन द्या. त्यांच्याकडे प्रमाणपत्र मागू नका. माझ्याकडे शिकायला यायला तयार असलेल्या सहा बाया आज इंदूरमध्ये आहेत. चौघींचे नवरे किंवा सासरे मिलमध्ये होते, त्यांना मागाचं भय वाटत नाही. अडलं आहे ते धुतलेल्या लोकरीपाशी.

माझी शेवटची विनंती छोटी आहे. रेबाऱ्यांचे कळप याही वर्षी येतील आणि फाल्गुन-चैत्रात बदनावरच्या आसपास कातरणी होईल. पार्कचं काम पाहणारे एक अधिकारी आणि लोकर मंडळाचे एक जाणकार त्या आठवड्यात माझ्याबरोबर पाठवा. इंदूरहून सकाळी सहाला निघालं तर कात्री लागायच्या आत आपण शेतावर पोचतो. नंबरदाराशी बोलून ठेवण्याचं काम माझं. लोकरीचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भरून घेऊ, वजन करू, आणि तिथून भैंसोल्याला जाऊन ती यंत्रं कुठे बसतील ती जागा पाहू. दुपारी परतताना माझ्याकडे थांबा. मागावर अर्धं विणलेलं एक घोंगडं आहे, त्याच तीन पोत्यांतल्या लोकरीचं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
इंदूरची एक सणगर विणकर